बातिरचे मागचे पाय

कराओय फार्म
१२ फेब्रुवारी १९७६

ती. सौ. माकेन वहिनीस,
ओराझबेकचा सा. न. वि. वि.

दादा इंजिनावर गेला की मगच हे पत्र वाचा. मी कॉलेज सोडल्यापासून माझं अक्षर दिसलं तरी त्याला ठसका लागतो म्हणे.

मी कुनसुलूच्या वडिलांशी भांडलो. म्हणजे ते शांतपणे बोलत होते आणि भांडत मी एकटाच होतो. तेमिरगाली आगा आमच्या फार्मचे पारखी. कुठला खोंड वळू म्हणून कळपात राहायचा आणि कुठला खच्ची होऊन मांसाला जायचा, हे दर वसंतात त्यांचा खडू ठरवतो. मागणी घालायला दादाला पाठवू का, असं विचारलं तर म्हणाले, जो पशुवैद्यकीचं शिक्षण अर्ध्यात टाकून आला, तो संसारही अर्ध्यात टाकेल. मी म्हटलं, तिथे पुस्तकातल्या गायी शिकवतात, मला खऱ्या हव्यात. खरं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. ते गोठ्यागोठ्यातून लस टोचत फिरतं आणि मला पाहून हसतं.

शेवटी आगांनी अट घातली. मी वाढवलेला एक तरी खोंड एप्रिलच्या निवडीत कळपात राहू दे, मग भावाला खुशाल पाठवावं. नाहीतर त्यांच्या उंबऱ्याकडे फिरकू नये.

म्हणजे लग्न ठरल्यातच जमा आहे. माझा बातिर तुम्ही पाहिलेला नाही. तांबडं अंग, पांढरंशुभ्र डोकं, छाती जमिनीला टेकायला आलेली. पाठ अशी सपाट की वर चहाची वाटी ठेवली तर थेंब सांडणार नाही. कुनसुलू म्हणते, दोघांत बातिरच देखणा. मी राग मानला नाही. दोन दिवस बोललो नाही, एवढंच.

लोभ आहे तो वाढवा. दादाचा थोडा कमी करून इकडे वळवलात तरी चालेल.

आपला,
ओराझबेक


अल्माटी
३ मार्च

चि. समोवार भाऊजी यास,
अ. आ.

तुमच्या घरात आल्यापासून दिराचं नाव तोंडाने घेतलं नाही, ते कागदावरही घेणार नाही. समोवार हेच शोभतं. आत निखारे, वर वाफ, आणि चहा मात्र दुसऱ्यानेच ओतायचा.

तुझ्या दादाने पत्र वाचलं. ठसका लागला, पण मग हसला. आमच्या घरी तो मागणी घालायला आला तेव्हा माझे वडील दिवसभर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी छातीच्या मांसाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. तो तुकडा जावयाचा, एवढं तर तुलाही कळतं. आगांच्या हातून तो पुढ्यात येईपर्यंत तोंड मिटून राहा.

खोंडाचं म्हणशील तर तू त्याची छाती सांगितलीस, पाठ सांगितलीस, डोकं तर दोनदा सांगितलं असतंस. मागचे पाय कुठे आहेत? माझे वडील म्हणायचे, पुढून बघतो तो गिऱ्हाईक, मागून बघतो तो मालक. एकदा मालकासारखा बघ.

लोकरीचे मोजे पाठवत आहे. पायात घाल, डोक्यात राख नको.

तुझीच,
माकेन


कराओय
२४ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मोजे पोचले. तुमचा सल्लाही पोचला, तो टपालात हरवला असता तर बरं झालं असतं.

बर्फ वितळून अंगणात चिखल झालाय. बातिरला त्यात चालवलं आणि मागून पाहिलं. चांगल्या वळूचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो. बातिरचा वीतभर मागेच राहतो. पाय दाराच्या चौकटीसारखे सरळ, सांध्याला वाकच नाही. गाईवर चढायचं म्हणजे सगळा भार त्याच पायांवर. दोन वर्षांत बसेल. आणि त्याची वासरं तसेच पाय घेऊन हिवाळ्यात बर्फ उकरत चरायला जाणार.

कुनसुलू शेजारीच उभी होती. तिने बुटाने एक ठसा पुसला. मग हळूच म्हणाली, निवडीच्या दिवशी अंगणात पेंढा टाकतातच, तू जरा जाड टाक, गुडघाभर पेंढ्यात पाय कुणाला दिसतात. तिचे डोळे भरले होते. मी हो म्हणालो. आता तुम्हीही काही म्हणू नका.

लोभ कमी झाला असेल तर कळवू नका.

आपला,
ओराझबेक


कराओय
१७ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माझ्यासाठी तिकडे रेल्वेत काम बघा. कोळसा उपसायचं असलं तरी चालेल. इथलं सगळं संपलं.

काल निवड झाली. पेंढा मीच टाकला, गुडघाभर. आगांनी प्रत्येक खोंड पुढून, बाजूने, मागून पाहिला, कमरेवर पंजा दाबला, एकेकाला चालवून घेतलं. बातिरपाशी आले, पंजा दाबला आणि चालायला न लावताच पुठ्ठ्यावर खडूची रेघ ओढली. म्हणाले, हा कळपात.

मला आनंद व्हायला हवा होता. पण वहिनी, लहानपणापासून या माणसाचा खडू मी पाहतोय, तो कधी कुणासाठी वाकला नाही. माझं डोकं फिरलं. फार्मच्या डायरेक्टरसाहेबांसकट सगळ्यांसमोर मी ओरडलो की आगा, मागून बघायचं राहिलं. ते म्हणाले, बघितलं. मी म्हटलं, नाही बघितलं, आणि दोर धरून बातिरला पेंढ्यातून बाहेर चिखलात चालवलं. ठसे सगळ्यांना दिसले. आगांनी बाहीने रेघ पुसली. कुनसुलू पाठ फिरवून निघून गेली. बातिर आता मांसाला जाणार.

संध्याकाळी आगांचं बोलावणं आलं. शिव्या खायला गेलो. पाहुण्यांसमोर आगा म्हणाले की पोरगी आठवडाभर रडत होती, तिच्यापायी आज मी आंधळा व्हायला निघालो होतो. एवढं बोलून जेवायला बसले. लग्नाचा शब्द कुणी काढला नाही. मी मान वर केली नाही, पुढ्यात आलं ते गिळलं. मांसात मीठही कमी होतं. उठलो आणि निघालो. शुक्रवारी गाडीत बसतो.

लोभ असू द्या. आता दुसऱ्या कुणाचा उरलेला नाही.

अभागी,
ओराझबेक


अल्माटी
तार, २१ एप्रिल

गाडीत बसू नकोस. खडू सांगितलास, चिखल सांगितलास, मीठ सांगितलंस. पुढ्यात तुकडा कुठला होता ते सांग. माकेन


कराओय
२३ एप्रिल

ती. सौ. वहिनीस, ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

छातीचा होता.

तार हातात घेऊन तसाच गोठ्यात गेलो आणि कुनसुलूला विचारलं. तिने लशीची पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, घरातलं प्रत्येक माणूस श्वास रोखून वाट बघत होतं की हा आता वर बघेल, मग बघेल. आगांनी स्वतःच्या सुरीने कापून ठेवला होता. मी हाडसुद्धा चोखलं, टोपी घातली आणि चालता झालो. तिची आई अजून विचारते आहे, पोराला भूक होती की राग. आगा म्हणाले, त्यालाही एकदा मागून बघायला हवं होतं.

सप्टेंबरात कॉलेजात परत जायचं, ही आगांची नवी अट. मी भांडलो नाही. परवा बातिरला खच्ची करतील. दोर मीच धरणार आहे, दुसऱ्या कुणाला तो धरू देत नाही.

तुम्ही दोघं लवकर या. दादा, मागणी रीतसर घाल. आगांनी होकार पुढ्यात वाढला आणि मी तो मीठ कमी आहे म्हणत खाऊन आलो, एवढं मात्र तिथे पुन्हा काढू नकोस. वहिनी काढतीलच.

लोभाचं आता काय सांगायचं. दोघांनी मिळून यावं, तो इथेच मोजून घेईन.

आपला,
समोवार