दोन भागिले तीन

अप्पा, तुम्हांला मराठी बोलता यायचं, पण ही लिपी वाचता यायची नाही. मीही ती लग्नानंतर पुण्यात शिकले. तुम्हांला हे वाचता आलं नसतं, म्हणूनच धीर करून लिहिते आहे.

तेव्हा तंजावरात गल्लीगल्लीत संगणकाचे क्लास निघत होते, आणि आमच्या कॉलेजात चपला बाहेर काढून जायच्या त्या गार खोलीत मी फोरट्रान शिकत होते, आकडेमोडीसाठीच घडवलेली जुनी भाषा. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तीस वर्षं कालव्यांचं गणित हातानं केलेलं. पाण्याच्या वेगाचं तुमचं सूत्र मी त्या भाषेत लिहिलं आणि छापील कागद तुमच्या ताटाशेजारी ठेवला. इडली तशीच टाकून तुम्ही कागद पाहता आहात. "काय गे, गुडघाभर पाण्याला नि गळाभर पाण्याला एकच वेग? ह्या मशीननं वाय्काल कधी पाहिलाय का?" कालव्याला आपण वाय्कालच म्हणायचो. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मशीन चुकत नसतं, अप्पा. तीस वर्षं तुमचंच चुकलं असेल."

तुम्ही रागावला नाहीत. चष्मा पुसलात, जुन्या वह्या काढल्यात आणि संध्याकाळपर्यंत एकेक आकडा पुन्हा करत बसलात. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मोपेडवर मागे बसवून पापनाशमच्या वाटेवरच्या कालव्यावर नेलंत. आपण शहाळी प्यायलो. रिकामं शहाळं तुम्ही खोल पाण्यात सोडलंत, मला त्याच्याबरोबर काठानं चालायला लावलंत आणि घड्याळात सेकंद मोजलेत. मग उथळ फाट्यावर तेच. पहिल्या शहाळ्यामागे मला भरभर चालावं लागलं. दुसऱ्यासाठी थांबत थांबत. तुमचं गणित बरोबर होतं.

माझी चूक सापडायला तीन दिवस गेले. सूत्रात खोलीचा घात दोन भागिले तीन असतो, तो लिहिताना मी दशांशचिन्ह दिलं नव्हतं. तसं लिहिलं की ती भाषा अपूर्णांक टाकून देते आणि उत्तर शून्य धरते. मग कुठल्याही खोलीचा शून्यावा घात एकच. दोन टिंबं घातली आणि तुमचे आकडे जसेच्या तसे आले.

घरी येऊन मी म्हटलं, "मशीनच भागाकार चुकवत होतं. मी दुरुस्त केलं." केवढा उजळला तुमचा चेहरा! कचेरीत, देवळात, ओरत्तनाडूच्या आत्याकडे सांगत सुटलात, "पोरीनं मशीनची चूक धरली." शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलंत. मी उशाशीच होते, खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्ही ते सांगायला लागलात की मला ऐकत राहावंसं वाटायचं.