मांडणीवरची भांडी

चि. वीरधवल यास,
रहिमतपूरहून दादाचे आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

परवा तू सांगलीहून आलास, तेव्हा वाटलं, सौंदर्यावर बोलायला मावसभावाकडे आलास. वीस वर्षं कॉलेजात रससिद्धान्त शिकवतोय, तेव्हा मी तयारीतच होतो. तू मात्र चहाचा कप घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलास आणि विचारलंस, "वहिनी, मांडणीवरची भांडी अशीच का लावता?"

आम्ही तत्त्वज्ञ सौंदर्य म्हणजे काय ते सांगतो आणि तुम्ही समाजशास्त्रज्ञ ते घरोघर विचारत हिंडता, अशी मी तुमची नेहमी थट्टा करतो. परवा बाहेरच्या खोलीत एकटा बसून तासभर तुझ्या वहिनीचं हसणं ऐकलं. मी सौंदर्यावर बोलू लागलो की ती जांभई देते.

तू गेल्यावर मीही सहज विचारल्यासारखं केलं, "भांडी अशी का लावतेस गं?"

"आवं, मघाशी भावजींना सगळं सांगितलंय की. त्यांनाच इचारा."

"मी नवरा आहे तुझा."

"व्हय, पण त्यांनी आधी इचारलं."

म्हणून तुला विचारायला हे पत्र लिहायला घेतलं. पण माझ्याच बायकोला काय सुंदर वाटतं, ते सांगलीहून जाणून घेणं मला जमणार नाही. पत्र इथंच राहील. उद्या भांडी मी घासून लावणार आहे. सगळी चुकीची लागतील, आणि मग ती मलाही सांगितल्याशिवाय राहायची नाही.

तूर्त तुझ्यावर जळणारा,
दादा