नाक वर करून बसलेलं विमान

२ मार्च
हे गेले त्या सकाळी धुणं वाळत घालून आत आले तर हे टेबलाशी, पुढ्यात खेळण्याएवढ्या विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग आणि निवलेला चहा. म्हटलं, पुन्हा तापवणार नाही हं. तापवलाच.
हे जाऊन आठ महिने झाले. विमान तसंच अर्धवट पडलंय. महायुद्धातलं, दोन इंजिनांचं, बॉम्ब टाकणारं. ह्यांच्या मॉडेल क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला: वहिनी, पंधराला प्रदर्शन. पूर्ण झालं तर ह्यांच्या नावाने मांडू, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.
नाहीतर कशाला? मीच करते. मुलगी म्हणाली, आई, तुला जमणार नाही. मला टेबल मोकळं हवंय, बाकी काही नाही. चार दिवसांचं काम.

४ मार्च
माहितीपुस्तिका पूर्ण वाचली. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी वाचूनच शिकले. त्यापुढे हे काय!
विमानाच्या नाकात गंजके नट चिकटवलेले निघाले. ह्यांची सवयच ती. चष्म्याच्या डबीत खिळे, शर्टाच्या खिशात स्क्रू. सगळे खरवडून काढले, आतून लख्ख पुसलं, मग दोन्ही बाजू पक्क्या चिकटवल्या.

७ मार्च
वैमानिकाच्या काचेवर माझ्या बोटाचा ठसा उमटलाय. निघत नाही. आकाशात धुकं असतंच.

१० मार्च
गॅलरीत स्प्रेने रंग दिला. शेजारणीच्या चादरीवर हिरवे ठिपके. काकू, हे काय हो, म्हणाली. म्हटलं, लष्करी रंग आहे, धुऊन जाणार नाही. तिला कौतुक वाटलेलं दिसलं नाही.

१३ मार्च
चाकं लावली. टेबलावर ठेवलं तर शेपटीवर बसलं, नाक छताकडे. दाबलं की खाली, सोडलं की वर. मुलगी हसून हसून खाली बसली. म्हणाली, अगदी बाबा! जेवण झालं की असेच मागे रेलायचे.
पुस्तिका पुन्हा काढली. पहिल्याच पानावर: नाकात वजन भरा. वाचलं होतं मी. खऱ्या विमानातल्या सामानाबद्दल असेल असं वाटलं.
म्हणजे ते नट वजनासाठी होते. ह्यांनी हाताने केलेलं तेवढंच मी उपसून फेकलं. आता नाक उघडायचं तर विमान मोडावं लागेल.
रडले नाही. स्प्रेच्या वासाने डोळे चुरचुरतात.

१४ मार्च
सेक्रेटरींना विचारलं, शेपटीखाली काडेपेटी चालेल? म्हणाले, नाही वहिनी, टेकू लावलेलं विमान मांडत नाही, नियम आहे. माणसाबद्दल नियम आहे का, विचारलं. म्हणाले, तसा नाही.
मग झालं तर. उद्या कोणाच्या लक्षातही येणार नाही.

१५ मार्च
सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रदर्शन बंद होईपर्यंत खुर्ची टाकून ह्यांच्या विमानाशेजारी बसले, नाकावर बोट ठेवून.