सात पस्तीसचं विमान

३ मार्च

—आणि ब्लँकेट इस्त्रीच्या रोलरमध्ये तसंच सोडून सगळे गच्चीकडे धावले. मीही धावलो. मुकादमबाई ओरडत होत्या, "अरे, यंत्र तरी बंद करा!" ओरडता ओरडता त्याही जिना चढत होत्या.

सात पस्तीसचं विमान. शेवटचं. उद्यापासून सगळी विमानं नव्या विमानतळावर. इथून साठ किलोमीटर.

ते रोजच्यासारखंच आलं. पाण्याच्या टाक्यांवरून, पोट दाखवत. लाँड्रीची चाळीस माणसं गच्चीवर. मुकादमबाई म्हणत होत्या, "शेवटचं असलं म्हणून उद्या कुणाला—" आणि गप्प झाल्या. सगळेच गप्प झाले, रोज विमानाला होतात तसे, जो जिथे होता तिथे. विमान गेलं.

"—सुट्टी नाही!"

सगळे हसले. मग कुणी हसलं नाही.

खाली आलो तर ब्लँकेट करपलेलं. विमान कंपनीची निळी पट्टी तपकिरी झाली होती.

४ मार्च

बाबा नेहमीच्या वेळेला उठून, बूट घालून बसले. कामावर जायचं नाही तरी. तीस वर्षं त्यांनी धावपट्टीवरची पाखरं हाकलली. प्रत्येक विमानाआधी एक फेरी, एक फटाका. नव्या जागी पाखरांसाठी भोंगे आहेत, माणूस लागत नाही.

आत्या म्हणाली, "दादा, आता पाखरं तुझ्याच डोक्यावर बसतील बघ!"

बाबा हसले. म्हणाले, "अगं, मला काही कंटाळा—" आणि थांबले. मी घड्याळ पाहिलं. सहा दहा, पहिल्या विमानाची वेळ. बाहेर काहीच नव्हतं. एक रिकामी बादली कुणीतरी ठेवली, तेवढाच आवाज. चाळीस सेकंदांनी म्हणाले, "—येणार नाही."

९ मार्च

झोप लागत नाही कुणालाच. शांततेची सवय नाही.

१९ मार्च

कुंपणामागच्या मैदानात डबा आणि मी. शाळेत जेवणाच्या डब्यावर ताल धरायचा, म्हणून डबा. अकरा वर्षं तो बीट वाजवतो, मी रॅप करतो.

आमची पद्धत कुणी शिकवली नाही. विमानांनी शिकवली. ओळीच्या शेवटी कडक अक्षर हवं, ट, ठ, क. मऊ अक्षरं इंजिन खाऊन टाकतं. आणि ओळ अशी लिहायची की कुठेही तुटली तरी चालेल. विमान आलं की तिथेच थांबायचं, अर्ध्या शब्दात. डबाही हात वर धरून थांबायचा. समोर दोन-तीनशे माणसं, श्वास धरून. विमान गेलं की उरलेला अर्धा शब्द सगळ्या मैदानाने मिळून म्हणायचा. बाहेरून आलेला एकजण एकदा विमानावर ओरडत म्हणतच राहिला. पोरं पोट धरून हसली. "ह्याला कुणी सांगा रे, ते ऐकत नसतं!"

माझी सगळ्यांना पाठ असलेली ओळ:

बाप माझा कुंपणापाशी, आभाळ त्याच्या पाठी,
एक फटाका पाखरांसाठी, एक फटाका पो—

मग विमान. मग सगळं मैदान: "—टासाठी!"

आज डब्यासमोर म्हणून पाहिली. 'पो'वर थांबलो. डब्याने हात वर धरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कधी सुरू करायचं ते कळेना. शेवटी तो म्हणाला, "अरे, हात दुखायला लागला."

५ एप्रिल

कार्यक्रम. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

माणसं बरीच आली. 'पो'वर थांबलो. मनात अकरा मोजायचे असं ठरलं होतं. चारवर मागे कुणीतरी खोकलं. सहावर एकजण टाळ्या वाजवू लागला. त्याला वाटलं, संपलं. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. बिचारे! मला सांभाळून घेत होते. मी विसरलो असं वाटलं त्यांना. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "पोटासाठी, पोटासाठी."

महिन्यात विसरले. इतकी वर्षं थांबत होते, एका महिन्यात विसरले! आता रस्त्यात कुणी थांबत नाही. भरभर बोलतात. उरलेला वेळ काय करतात कुणास ठाऊक.

फक्त बाबा थांबतात.

२० एप्रिल

बाबांचं थांबणं वाढतंय. आज बारा पाचला "मीठ जरा—" म्हणाले आणि "—कमी आहे" नऊ मिनिटांनी. तोवर जेवण झालं होतं. आधी पुतळ्यासारखे बसायचे. आता हात चालू असतात, फक्त तोंड बंद. जेवतात, घड्या घालतात, फिरून येतात, आणि मग वाक्य जिथे ठेवलं होतं तिथून उचलतात. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आत्या म्हणते, "विमानं उतरली सगळी, दादाचंच हवेत घिरट्या घालतंय."

डॉक्टर म्हणाले, "बोलतात ना शेवटी? मग झालं."

२ मे

वहीत चौदा ओळी. सगळ्या नीट. वाचल्या, फाडल्या. एकीतही तुटायला जागा नव्हती. पूर्वी मी अशा ओळी लिहीत नव्हतो, कारण शेवटपर्यंत जाता येईल याची खात्रीच नसायची. आता आहे. कुणी अडवत नाही. लिहिता येत नाही.

१४ मे

मुकादमबाईंनी सगळ्यांना ड्रायरपाशी बोलावलं. ३० जूनला लाँड्री बंद. म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ताच रडा, बाराची खेप यायची आहे." कुणी रडलं नाही. खेप आली, तर कुठल्यातरी हॉटेलचे पडदे होते. ब्लँकेटं येत नाहीत आता.

२७ मे

मोठ्या शहरातून फोन! गाणी काढणारी कंपनी. मैदानातलं कुणीतरी टिपलेलं जुनं गाणं त्यांनी ऐकलं. "तुमच्या आवाजात काहीतरी आहे," तिथल्या बाई म्हणाल्या. "काय ते आम्हाला सांगता येत नाही, पण आहे." एक गाणं करायचं. चाललं तर पुढची सहा.

डबा म्हणाला, "जा. मी नाही येत. मला नव्या विमानतळावर व्हॅन चालवायचं काम मिळालंय."

"आणि बीट?"

"त्यांच्याकडे असतील की बीट. दुकान आहे त्यांचं."

बाबांना सांगितलं नाही. झालं तर सांगू.

११ जून

बसने चार तास. स्टुडिओ सातव्या मजल्यावर. भिंतींना जाड स्पंज. आत इतकी शांतता की स्वतःची लाळ गिळलेली ऐकू येते.

रेकॉर्डिस्ट माझ्याहून लहान, पण मान देणारा. पहिला टेक. 'पो'वर थांबलो. काचेपलीकडून आवाज आला, "भाऊ, अडकलात का?"

"नाही. थांबलो."

"किती वेळ थांबायचं?"

"विमान जाईपर्यंत."

"कुठलं विमान?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आता येत नाहीत?"

"नाही."

"मग थांबायचं कशाला?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परत घेऊ म्हणालो.

आणखी नऊ टेक केले. एकदा चार मोजले, एकदा सात. प्रत्येक वेळी ते विसरल्यासारखंच वाटलं. मला स्वतःलाच वाटलं. तो म्हणाला, "लोक तीन सेकंदही थांबत नाहीत हो. पुढचं लावतात." मग म्हणाला, "जोडून दाखवू?"

जोडून दाखवलं. पोटासाठी. एक शब्द. गुळगुळीत. आवाजावरही काहीतरी फिरवलं होतं, खरखर गेली होती. ट पण मऊ झाला होता.

असं चालेल का ते उद्यापर्यंत सांगा, कंपनीवाले म्हणाले.

१२ जून

हो म्हणालो.

१५ जून

का हो म्हणालो ते लिहायला बसलो. लाँड्री बंद होतेय म्हणून, असं लिहिलं आणि खोडलं. ते खोटं नाही, पण ते कारण नाही. जोडलेलं ऐकल्यावर बरं वाटलं, हे कारण आहे. कुणाची वाट बघायला नको. कुणी खोकत नाही मध्ये.

२१ जून

डब्याला ऐकवलं, त्याच्या व्हॅनमध्ये बसून. त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवला होता. त्या हाताचं बोटसुद्धा हललं नाही. संपल्यावर म्हणाला, "छान शिवलंय. टाके दिसत नाहीत."

"वाईट आहे का?"

"वाईट कुठे म्हणालो? कुठल्याही गावात चालेल."

मग त्याचं गिऱ्हाईक आलं, बॅगा घेऊन. मी उतरलो.

३० जून

लाँड्री बंद. रोलर थंड व्हायला दोन तास लागले. आम्ही उगीचच थांबलो होतो, तो थंड होईपर्यंत. मुकादमबाईंनी करपलेलं ब्लँकेट मला दिलं. "तुझ्याच यंत्रावरचं. घेऊन जा रे." मी नाही म्हणालो नाही.

८ जुलै

बाबा आज दीड तास. "त्या पिंपातलं पाणी—" आणि मी पिंप धुतलं, भरलं, गच्चीवर जाऊन आलो. "—बदल," म्हणाले. आत्या हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पूर्वी दादाचं बोलणं मध्ये तुटायचं. आता बोलणंच मध्ये मध्ये येतं रे."

मी विचारलं, "बाबा, मध्ये थांबता तेव्हा काय करता?"

म्हणाले, "जाऊ देतो."

"काय?"

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाहेरगावचा आहे.

१६ जुलै

उद्या गाणं येणार. कंपनीच्या बाईंचा फोन. खूश होत्या. मी आत्याला सांगितलं, "उद्या संध्याकाळी तुझ्या फोनवर लाव. पण बाबांना सांगू नकोस कुणाचं ते. आधी ऐकू दे."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर नको सांगूस."

"आणि आवडलं तर?"

"तर मी सांगेन."

बाबांनी माझं गाणं कधी मैदानात येऊन ऐकलं नाही. गाण्याच्या वेळी ते कायम कुंपणाच्या पलीकडे, ड्यूटीवर. पण ऐकू जायचं त्यांना. एकदा मी फारच थोडं थांबलो, विमान पूर्ण जायच्या आत सुरू केलं. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "घाई केलीस आज." एवढंच. तेवढं एकच बोलले अकरा वर्षांत. मी जपून ठेवलंय ते.

आज वाटतंय, दुसरं काहीतरी बोलावं त्यांनी. काहीही. बाकी सगळं गेलंय. मैदान गेलं, डबा गेला, कामही गेलं. हे एक गाणं आहे आणि ते चांगलं आहे की नाही हे मला कळत नाही. खरंच कळत नाही. ज्याच्यावर लिहिलं त्याने सांगावं.

१७ जुलै

आत्याने फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवला. बाबा खिडकीपाशी, टॉवेलांच्या घड्या घालत. मी दारात उभा. बसवेना.

गाणं सुरू झालं. बाबांचे हात चालू होते. 'आभाळ त्याच्या पाठी'ला हात थांबले. पुढची ओळ सरळ निघून गेली, न तुटता. हात पुन्हा सुरू झाले. तीन मिनिटं दहा सेकंद. संपलं.

आत्याने विचारलं, "कसं आहे रे दादा?"

बाबांनी टॉवेल खाली ठेवला. म्हणाले, "गाणं चांगलं आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून. सांग ना आता! मी सांगणार होतो. तेवढ्यात बाबा उठले, हात धुतले, जेवायला बसले. जेवताना काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. एवढं पुरे होतं. पुढे काही बोललो असतो तर ते कमी झालं असतं.

उद्या सकाळी सांगेन. कंपनीच्या बाईंनाही कळवेन, पुढची सहा करतो म्हणून. तशीच, जोडून. बाबांना चांगलं वाटलं तर चांगलंच असणार. त्यांच्याहून जास्त कोण थांबलंय या गावात?

चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली नीट. वेळही लिहून ठेवतो: सात पस्तीस.

१८ जुलै

सकाळी बाबांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "—पण म्हणतंय कोण?"