मरियम वाचली

अर्नाळा,
४ सप्टेंबर १९८३

चि. बेसिल यास आग्नेसबायचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही आणि त्याला कारण तू आहेस.

तू रजा काढून आलास, आमच्या होडीवर नाव रंगवून दिलंस, तेव्हा सगळ्यांनी तुझं तोंडभर कौतुक केलं. फेबियन तर येईल त्याला हाताला धरून होडीच्या पुढच्या टोकाशी नेत होता आणि मेव्हणा मुंबईत जाहिरातींची अक्षरं काढतो म्हणून सांगत होता. 'मरिया'चं तू 'मरियम' का केलंस हे मात्र कुणी विचारलं नाही. फादरांनी आशीर्वाद दिला, होडी पाण्यात गेली, मासळीही बरी मिळू लागली.

गेल्या रविवारी आपली ॲनी धक्क्याच्या कठड्याला पाय अडकवून, डोकं खाली करून लोंबत होती. सातवं लागलं तरी माकडपणा जात नाही. तशीच ती ओरडायला लागली की मामाने लिहिलेलं उलटं बघितलं तरी मरियमच वाचता येतं. झालं, वाड्यातली सगळी पोरं ओळीने लोंबकळली. शेजारच्या होड्यांची नावं कुणाला लागेनात, आपलं मात्र सगळ्यांना सरळ वाचता आलं. मग मोठी माणसंही वाकून बघायला लागली. आमच्या शेजारच्या होडीचा तांडेल नथूदादा, एवढा धिप्पाड माणूस, दोन पायांतून बघता बघता वाळूत पडला. मी पोट धरून हसले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या वाकल्या नाहीत की हसल्या नाहीत. होडीवरचं नाव उलट्या बाजूने वाचायची पाळी माणसावर कधी येते ते तुझ्या भावाला विचार, एवढं मला म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तुला माहीत आहे, माझे सासरे गेले तेव्हा त्यांची होडी सापडली होती, पालथी. ते सापडले नाहीत. सिमेट्रीत त्यांच्या नावाचा क्रूस आहे, पण खाली कुणी नाही. बेसिल, मी नंदाखाल गावच्या केळीच्या बागेत वाढलेली. आमच्याकडे पालथी पडली तर टोपली पडायची. इथे येऊन आठ वर्षं झाली, तरी फेबियन पाण्यावर असला की मी दहादा दारात जाऊन येते. आता डोळे मिटले की ते नाव उलटं दिसतं, म्हणजे सुलटंच दिसतं, आणि त्याचीच भीती वाटते. एक दिवस ये आणि खरवडून टाक. तुझी कला मुंबईत दाखव.

बहिणीवर जीव असेल तर उशीर लावू नकोस.

तुझी,
आग्नेसबाय


माहीम,
१४ सप्टेंबर १९८३

ती. आग्नेसबायला एका पायावर उभ्या असलेल्या बेसिलचा नमस्कार.

एका पायावर अशासाठी की बांद्र्याच्या जत्रेत डोंगराच्या पायऱ्यांवरून घसरलो. उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे. मेणबत्ती वाहायला चाललो होतो, तीही मोडली. घरमालकीण तांदळाची पेज देते आणि बोलते फार. त्यामुळे इतक्यात येणं नाही. सासूबाईंना सांग, त्यांचा शाप लागला.

अगं, मी होडी उलटायची म्हणून नाही गं तसं लिहिलं! आमच्या ऑफिसात एक खोबरेल तेलवाला आला होता. त्याचे डबे दुकानदार कसेही रचतात, निम्मे उलटे. म्हणून मी त्याच्यासाठी दोन्हीकडून वाचता येईल असं चिन्ह काढलं. महिनाभर खपलो. तेलवाला बघून म्हणाला की आपण एकाच नावाचे पैसे देणार, दोन नावांचे नाही. साहेब हसले आणि कागद माझ्याकडे परत आला. पण तो किडा डोक्यातून जाईना.

आपल्या लिपीत हे फार अवघड आहे. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेघेला लटकलेली. कागद फिरवला की रेघ खाली जाते आणि सगळं परकं दिसतं. म्हणून मी खालीही तशीच एक रेघ घातली. लोकांना ती होडीची पट्टी वाटते. मग शब्द शोधत बसलो. 'मरिया' काही केल्या फिरेना. 'मरियम' लिहिलं आणि टाळी वाजवली. दोन्ही टोकांना 'म', त्यांना खाली एक गाठ आणि वर एक गाठ दिली. आणि मधली गंमत बघ, 'रि' फिरवला की 'य' होतो आणि 'य' फिरवला की 'रि'. वेलांटीची उभी काठी तिकडे जाऊन 'य'ची काठी होते. हे मी जुळवलं नाही, ते होतंच, मी फक्त बघितलं. त्या दिवशी मला आनंदाने काही सुचेना.

मूळ कागद आता माझ्यापुढे आहे आणि वरची बाजू कुठली ते मलाच सांगता येत नाही. जगात कुणाला सांगता येणार नाही! माझ्या हातून झालेलं हे सर्वांत चांगलं काम आहे, बाय. ते खरवडायला नको लावूस. नाताळला येईन तेव्हा सासूबाईंच्या पाया पडेन आणि त्या म्हणतील ते करेन.

ॲनीला कठड्यावरून उतरव. धाकट्यावरचा राग चुलीत घाल.

तुझा,
बेसिल


अर्नाळा,
८ नोव्हेंबर १९८३, मंगळवार

चि. बेसिल यास आशीर्वाद.

हे पत्र सुझानबरोबर पाठवते. ती उद्या पहाटे माहीमच्या बाजाराला भाजी घेऊन जाणार आहे. पोस्टाचं खरं नाही, आगाशीचा फोनही बंद आहे, रस्त्यावर झाडं पडली आहेत.

फेबियन परवा गेला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. बरोबर खलाशी धर्मा होता, दोघंच. काल दुपारी वारा फिरला. असा वारा या महिन्यात नसतो म्हणतात. संध्याकाळपासून होड्या येताहेत, कुणाचं जाळं गेलं, कुणाची डोलकाठी मोडली, पण माणसं आली. आता फक्त दोन होड्या बाकी आहेत, नथूदादाची आणि आपली. धर्माची बायको रंभा माझ्या ओट्यावर येऊन बसली आहे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही.

सासूबाई रोझरी म्हणताहेत. मध्येच थांबतात आणि पानी किती चढलं ते विचारतात. ॲनीने मला विचारलं की बाबा उलटा झाला तरी तो बाबाच दिसेल का? मी तिला मारलं. कधी हात उगारला नव्हता रे.

तुझ्यावर रागावले नाही. रागावायलासुद्धा जीव ठिकाणावर लागतो. उद्या वारा पडला की माणसं शोधायला निघणार आहेत. तू तिकडून प्रार्थना कर.

आग्नेसबाय


अर्नाळा,
९ नोव्हेंबर १९८३, पहाटे

चि. बेसिल,

कालच्या पत्रामागे हे दुसरं. सुझानला दारात थांबवून लिहिते आहे. मरियम वाचली! बेसिल, मरियम वाचली!

नथूदादाची होडी आत्ता आली. रंभा धावत धक्क्यावरून आली आणि तिने हेच शब्द सांगितले. नथूदादाला ताप भरलाय, त्याला उचलूनच घरी नेलं, म्हणून मला तो भेटला नाही. पण त्याच्या खलाशाने सगळ्यांना सांगितलं. काल तिन्हीसांजेला केळव्याच्या समोर, पाऊस मी म्हणत असताना, लाटांवर त्यांना आपली होडी दिसली. तुझी अक्षरं एवढी ठळक, की त्या अंधुक उजेडातही नाव स्वच्छ दिसलं. आपली होडी ठीक आहे असं बघून ते घराकडे वळले. आता सगळे म्हणतात की फेबियन सातपाटीच्या खाडीत शिरला असेल आणि समुद्र शांत झाला की येईल. शोधायला निघालेली माणसं होड्या बांधून घरी गेली, तीही थकलेली होती.

सासूबाई म्हणाल्या की बेसिलला कळव, त्याचं नाव कामाला आलं. बघ, तुला माफी मिळाली. मी चहा ठेवला आहे. ॲनीला जवळ घेऊन बसले आहे.

माया करत राहा.

तुझी,
आग्नेसबाय


माहीम,
९ नोव्हेंबर १९८३, सकाळ

बाय,

सुझान खाली भाजी सोडून माझ्यासाठी उभी आहे. दुपारची वाट न बघता ती लगेच परत निघते आहे, मी तिच्या पाया पडलो. मला जिना उतरता येत नाही. फोन लागत नाही. हे पत्र वाचल्याबरोबर उठ.

नथूदादा काय म्हणाला? मरियम वाचली, की मी मरियम वाचली? त्याच्याकडे जा आणि त्याला विचार. तापात असेल तर उठव. माझी खात्री आहे की त्याने नाव वाचलं, एवढंच तो म्हणाला, आणि धक्क्यापासून तुझ्या दारापर्यंत येताना त्यातला 'मी' गळला.

आणि नाव वाचलं याला काही अर्थ नाही, बाय. दुसऱ्या कुठल्याही होडीचं नाव सरळ वाचता आलं तर ती होडी सरळ आहे. आपल्या होडीचं तसं नाही. ती पालथी असली तरी ते नाव सरळच दिसणार. ते तसं दिसावं म्हणून मी महिने घालवले. मागच्या बाजूला इंजिनाचं वजन आहे. होडी उलटली तर मागचा भाग बुडेल आणि पुढचं टोक वर राहील, आणि त्या टोकावरच मी लिहिलं आहे.

नथूदादाला विचार की त्याला माणूस दिसला का, डोलकाठी दिसली का, इंजिनाचा आवाज आला का. यातलं काही एक असेल तर मला मूर्ख म्हणा आणि जन्मभर हसा. पण त्याने नुसतं नाव बघितलं असेल तर होड्या सोडायला लाव. कुणी ऐकलं नाही तर फादरांना उठव, घंटा वाजवायला लाव. मी खोटं सांगत असेन तर माझी नोकरी जाऊ दे, हात जाऊ दे.

मला फार भीती वाटते आहे. जा.

बेसिल


अर्नाळा,
१४ नोव्हेंबर १९८३

चि. बेसिल यास अनेक आशीर्वाद.

सुझानने तोंडी निरोप दिलाच असेल, तरी माझ्या हाताने लिहिते. फेबियन जिवंत आहे. धर्माही. दोघे आगाशीच्या दवाखान्यात आहेत. फेबियनच्या दोन्ही तळहातांची सालं गेली आहेत, मी त्याला भरवते.

तुझं पत्र दुपारी आलं. मी चपला न घालता नथूदादाकडे गेले. त्याची बायको उठवू देईना, मी उठवलं. तू लिहिलं होतंस तसं एकेक विचारलं. माणूस दिसला नव्हता. डोलकाठी दिसली नव्हती. लाट वर आली की पुढचं टोक आणि नाव दिसायचं, लाट गेली की काही नाही. त्याला वाटलं की होडी लाटा कापत चालली आहे. मी मरियम वाचली एवढंच तो खलाशाला म्हणाला होता, बाकीचं लोकांनी केलं. मग मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. तो जमिनीवरच बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

पण अंगात ताप असताना सगळ्यांत आधी त्याचंच इंजिन सुरू झालं. मागून बाकीच्या होड्या गेल्या. सासूबाई पाण्यात गुडघाभर उभ्या राहिल्या, त्यांना कुणी हलवू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डहाणूच्या अलीकडे ते दोघे सापडले. जाळ्याच्या दोरीने एकमेकांना बांधून होडीच्या पाठीवर पडले होते. धर्मा बोलत नव्हता. आणखी एक रात्र त्याने काढली नसती, असं डॉक्टर म्हणतात.

फेबियन थोडं थोडं सांगतो. त्या संध्याकाळी त्यांना नथूदादाची होडी येताना दिसली होती. ते दोघे पलीकडच्या बाजूला होते, लाटेमुळे त्यांना या बाजूला येता येईना. ओरडले, पण वाऱ्यात आवाज गेला नाही. होडी जवळ आली, त्यांच्याकडे वळली. वाचलो म्हणून धर्मा रडायला लागला. आणि मग होडी सावकाश फिरून निघून गेली. का गेली ते फेबियनला तेव्हा कळलं नाही. त्याला वाटलं की आपण मेलेलो आहोत आणि म्हणून कुणाला दिसत नाही. हे तो नथूदादासमोर बोलत नाही. नथूदादाला माहीत आहे. तो रोज दवाखान्यात येतो, खाटेशी बसतो आणि जातो.

तुझ्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही आणि तुझ्यामुळे तो सापडला असंही म्हणणार नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम माझ्या डोक्यात मावत नाही. रात्री दचकून उठते आणि फेबियन शेजारी नाही, दवाखान्यात आहे, हे आठवेपर्यंत अंथरूण चाचपत राहते.

होडी ओढून आणली आहे. वाळूत अजून पालथीच आहे. लोक येतात, नाव वाचतात आणि निघून जातात. लाकूड धड आहे, इंजिन धुऊन चालेल म्हणतात. नाताळ झाला की फेबियन पुन्हा जाणार. त्याला दुसरं काय येतं? मी अडवलं तर तो घरात बसून झुरेल आणि नाही अडवलं तर मी झुरेन. सासूबाईंनी चाळीस वर्षं हेच केलं, त्या म्हणतात की याची सवय होत नाही, पण दिवस जातात.

तेव्हा प्लास्टर निघालं की ये. खरवडायचं नाही असा हट्ट आता तू धरणार नाहीस हे मला माहीत आहे. नाव मरियमच ठेव, आता सासूबाईही दुसरं ठेवू देणार नाहीत. तू मोठा कलाकार आहेस, तुला जमेल. या वेळी असं लिही, की होडी पालथी झाली तर ते कुणालाही वाचता येऊ नये.

माझ्यावरची माया कमी करू नकोस, मीही करणार नाही.

तुझी,
आग्नेसबाय