ताईची तालीम

४ फेब्रुवारी, सकाळ
सोसायटीच्या ज्येष्ठ-सुरक्षा समितीची प्रमुख म्हणून माझी निवड झाली. एकमताने. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, म्हाताऱ्या माणसांचं तुमच्याइतकं करणारं या बिल्डिंगमध्ये आहे तरी कोण? खरंच आहे. ताईचं पायाचं हाड मोडलं तेव्हा मी चार दिवस म्हणून आले, ती कायमचीच राहिले. घर ताईचं. दारावरच्या पाटीवर आता माझं नाव वर आहे, ते केवळ पोस्टमनच्या सोयीसाठी.
संकल्प : रोज डायरी लिहायची. आवाज चढवायचा नाही.

दुपार
आवाज चढला. पण ताईच्या कानात यंत्र नव्हतं. तेव्हा धरायचा नाही.

७ फेब्रुवारी
हेल्पलाइनच्या समुपदेशक बाई समितीला व्याख्यान देऊन गेल्या. घरातल्या वृद्धांचा छळ कसा ओळखावा. अंगावर निळे डाग. माणूस चारचौघांत गप्प गप्प. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवणं. चष्मा, काठी, कानाचं यंत्र काढून ठेवणं. ऐकून अंगावर काटा आला. कसली कसली माणसं असतात जगात! मी सगळं उतरवून घेतलं. बाईंनी अक्षराचं कौतुक केलं. कॉन्व्हेंटचं वळण आहे, म्हटलं.
घरी येऊन कडी काढली. (बाहेरून लावावी लागते, ताई भटकते.) ताई दाराशीच खुर्ची टाकून बसलेली. म्हणाली, बेबी, माझा चष्मा दे ना गं. चष्मा दिला की ती पेपर वाचते, पेपर वाचला की काळजी करते. नाही दिला. तिच्याच भल्यासाठी.

१० फेब्रुवारी
पहिली केस! खालच्या मजल्यावरचे मास्तर. त्यांचा मुलगा त्यांच्यावर इतका ओरडतो की जिन्यात ऐकू येतं. ताबडतोब हेल्पलाइनला कळवलं. फार हलकं वाटलं.

१२ फेब्रुवारी
बाई येऊन चौकशी करून गेल्या. बापलेक बुद्धिबळ खेळतात. मास्तर खेळलेली चाल परत घेतात, म्हणून मुलगा ओरडतो. जिन्यात गाठून मास्तर मला म्हणाले, पुढच्या वेळी तक्रार माझ्यावर करा हं, लबाडी मी करतो. उद्धट माणूस. बाई मात्र म्हणाल्या, शंका आली की कळवायचंच, चुकीची निघाली तरी चालेल. हे वाक्य मी घरी येऊन ताईच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. तिलाही माझ्या कामात गोडी वाटते आहे.

१५ फेब्रुवारी
झकास कल्पना सुचली. सोसायटीच्या वार्षिक संमेलनात प्रात्यक्षिक! स्टेजवरून एका वृद्ध बाईने हेल्पलाइनला फोन लावायचा. पलीकडे खऱ्याखुऱ्या समुपदेशक बाई, फोन स्पीकरवर. म्हाताऱ्या माणसांची फोनची भीती जाईल. बाई लगेच हो म्हणाल्या.
फोन करणार ताई. शाळेच्या नाटकात राणी नेहमी तीच व्हायची. मी भालदार.
संवाद मी लिहिले. सुनेने केलेला छळ. ताईला ना मूल ना सून, पण सून म्हटली की लोकांना लगेच पटतं.

१६ फेब्रुवारी
तालीम सुरू. त्यासाठी चष्मा, यंत्र, फोन सगळं कपाटातून काढून द्यावं लागलं. नाटकाचं सामानच ते. तालीम संपली की पुन्हा कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.
हेल्पलाइनची बाई मी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आत्ता तुम्ही एकट्या आहात का? मोकळेपणाने बोलता येईल? त्यावर ताईने म्हणायचं, हो, एकटीच आहे. ताई म्हणते, नाही, ती समोरच उभी आहे. अगं ताई, नाटक आहे हे, म्हटलं. म्हणाली, हो, कळतं मला.

१८ फेब्रुवारी
ताई संवाद बदलते. ‘सून मला उपाशी ठेवते’ एवढं साधं वाक्य. तर म्हणते, परवा हातून सूप सांडलं म्हणून धाकट्या बहिणीने मला जेवायला दिलं नाही. मी शांतपणे समजावलं. एक, बहीण नको, बहीण कुणालाही पटणार नाही. दुसरं, सूप सांडल्यावर जेवण बंद, ही शिस्त झाली. त्याला छळ कोण म्हणेल? कॉन्व्हेंटमध्ये आपणही उपाशी झोपलोच की.
ताई म्हणाली, तू नाही झोपलीस. माझा पाव मी फ्रॉकमध्ये लपवून तुला आणून दिला होता.
किती गोड आठवण! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चष्मा तिच्याकडे अर्धा तास जास्त राहू दिला.

२० फेब्रुवारी
आज जुन्या दिवसांत मन फार रमलं. चादरींच्या खोलीत मला कोंडून ठेवणारी ती सिस्टर. सगळ्या मुली तिला टरकून असायच्या. ताई तेव्हा जेमतेम दोन वेण्यांची, पण तडक मदरच्या ऑफिसात जाऊन तक्रार करून आली. त्यानंतर मला कुणी कोंडलं नाही. तालीम संपल्यावर विचारलं, ताई, तुला भीती नव्हती वाटली? म्हणाली, वाटली होती की. पण तू आत रडत होतीस.
असलं माणूस बहीण म्हणून मिळायला भाग्य लागतं. मग समितीच्या मीटिंगला गेले. कडी लावून.

२२ फेब्रुवारी, रविवार
चिमणीचा फोन. ताईची शाळेतली मैत्रीण. अजून दर रविवारी न चुकता करते. नेहमीप्रमाणे सांगितलं, ताई झोपलीय. तर म्हणते कशी, अगं बेबी, ही बाई जागी तरी कधी असते? खोचकपणा शाळेपासूनचाच आहे.
दुपारी ताई बाल्कनीत निघाली. खाली हाका मारत बसते, लोक वर बघतात, बरं दिसत नाही. दंडाला धरून आत आणली. डाग पडला. कातडीच नाजूक तिची, पहिल्यापासून. संमेलनाला लांब बाह्यांचा ब्लाउज बरा.

२६ फेब्रुवारी
हेल्पलाइनचा नंबर ताईला तोंडपाठ! या वयात! शिकवणारीचा गुण. मला स्वतःला अजून पाठ नाही, पण मी लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरांत लावलाच आहे.
संवादही शेवटी मी लिहिले तसेच म्हणाली. अगदी शहाण्या मुलीसारखी. मनातली धाकधूक गेली.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
जिंकलं!!
हॉल भरलेला. ताईने चष्मा लावला, नंबर न बघता फिरवला. स्पीकरवर बाईंचा आवाज : तुम्ही एकट्या आहात का? ताई म्हणाली, नाही, ती इथेच उभी आहे. हॉलमध्ये हशा. म्हटलं, गेलं, विसरली. पण ताई कुठे थांबतेय? सून नाहीच आली कथेत. धाकटी बहीण. सूप, कडी, चष्मा, कपाट, चिमणीचे रविवार, सगळं सगळं तालीमभर जे बरळायची ते एका दमात. शेवटी बाही वर करून प्रेक्षकांना दंड दाखवला! काय तो अभिनय! इतके भारावले की टाळ्या वाजवायचंही लोकांना सुचेना. मग मीच सुरू केल्या.
संवाद बदलले म्हणून घरी रागावणार होते. पण यश ते यश. जेवण दिलं.

१ मार्च
सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले, बोलले नाहीत. प्रसिद्धी मिळाली की माणसं जळतात.
बाईंचा फोन, उद्या सकाळी घरी येते. बहुधा प्रशस्तिपत्र. चांगले कप काढून ठेवले.

२ मार्च
प्रशस्तिपत्र नव्हतं. सोबत चिमणी होती. बाई म्हणाल्या, ताईंशी एकटीने बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर थांबा. माझ्याच घरात मी बाहेर! चहा कपातच निवला. दाराला कान लावला, तर चिमणी पाठीशी उभी. म्हणाली, बेबी, तू झोपलीयेस ना? मग ऐकतेस कशी?
तासाभराने ताई बॅग घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, ताई, ते नाटक होतं ना गं? ताई म्हणाली, माझं नव्हतं.
कपाटाची किल्ली मागितली. हात पुढे केला तो तसाच धरून राहिली. द्यावी लागली.

दुपार
पाठीत सुरा. दुसरा शब्द नाही. जिच्याकडून ओळ न् ओळ घोटून घेतली, तिनेच! मदरकडे माझ्यासाठी गेलेली ती ताई, आणि ही ताई! बाई म्हणतात, घर ताईंचं आहे, तुम्ही तुमची सोय बघा, तोवर त्या मैत्रिणीकडे राहतील. समितीतून मी राजीनामा देणार होते. सेक्रेटरींनी आधीच स्वीकारला.
जाताना ताई दारात वळली. मला वाटलं, माफी मागेल. म्हणाली, पाव डब्यात आहे. उपाशी झोपू नकोस.

८ मार्च, रविवार
चिमणीचा फोन नाही. कशाला येईल?
विचार पक्का केला. मीही आता ज्येष्ठच. सख्ख्या बहिणीने वाऱ्यावर सोडलं, घरातून जायला सांगितलं. याला छळ नाही तर काय म्हणायचं? हेल्पलाइनला कळवायचंच. चार शब्द ठणकावून सांगायचे. नंबर आठवेना. खाली लिफ्टशेजारी जाऊन माझ्याच अक्षरातून उतरवून आणला. मास्तर जिन्यात होते, त्यांनी बाजूला सरून वाट दिली.
फोन लावला. कुणी नवीन मुलगी होती. आवाज मऊ. म्हणाली, आत्ता तुम्ही एकट्या आहात का? मोकळेपणाने बोलता येईल?
म्हटलं, हो. एकटीच आहे.
म्हणाली, बोला, मी ऐकतेय. घाई नाही.
तालमीत इथून पुढचं सगळं ताई बोलायची. मी फोन कानाशी धरून बसले. मग ठेवला.