पश्चिमेकडचा ओटा

माय,

घाटनांदूरच्या अलीकडे, रस्त्याच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, जिथे तू शेण्या वेचायला जायचीस, तिथे आता चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. तिथे घरं होणार आहेत. त्याचा नकाशा मी काढला. वस्ती कुठे आणि कशी बसवायची ते ठरवणं हे माझं काम आहे. तू असताना या कामाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि तुला सांगायची वेळ आली असती तर मी म्हटलं असतं, घरं कुठं बांधायची ते मी ठरवते. तू भाकरी थापता थापता विचारलं असतंस, "मंग आपलं कुठं?" हा प्रश्न तू विचारलेला नाहीस. पण नकाशावर काम करताना मला तो रोज ऐकू यायचा, तुझ्याच आवाजात, परातीच्या आवाजासकट.

माळाला उतार आहे. पावसाचं पाणी खाली नाल्यात पळून जातं, ते आधी माळावरच अडवायचं ठरलं आहे. खालच्या टोकाला तळं, घराघरातलं सांडपाणी गाळून झाडांना. भिंती त्याच मातीच्या, दाबून केलेल्या विटांच्या. घरं मोठीही आहेत आणि लहानही. मोठी घरं दुकानदारांची, शिक्षकांची, बँकेत नोकरी करणाऱ्यांची. लहान घरं ऊसतोडीला जाणाऱ्यांची. सरकारी कागदात त्यांना परवडणारी घरं म्हणतात. अशी घरं ठेवली पाहिजेत, एवढीच योजनेची अट आहे. ती कुठे ठेवायची, हे कागदात नाही. मी ती मोठ्या घरांच्या मधे ठेवली. एक मोठं, एक लहान, आणि दोघांच्या मधे एकच ओटा, दोघांचा.

पहिली बैठक शाळेच्या वर्गात झाली. ही घरं बांधून घेणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वाईट माणूस नाही. त्यांनी नकाशा भिंतीला लावून घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मॅडम, काम झ्याक हाय. फक्त बारकी घरं मागं घ्या."

"कावून?" मी विचारलं. बऱ्याच वर्षांनी हा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला.

"सहा महिने कुलूप असतंय त्यांच्या घराला. मधी मधी बंद दारं, तिथं कोण ऱ्हाईल? कुत्री बसतेत, चोरटे येतेत. तुमी झाडं लावताव, त्यायला पाणी कोण घालंल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नाल्याकडं त्यांची रांग करा की. गेट बी वेगळं द्या. मुकादमाचा ट्रक थेट दारात!" सगळे हसले. मी उत्तराची वाट बघत वर्गावरून नजर फिरवली. बाकं भरली होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्यांची घरं मागे ढकलली जात होती, त्यांच्यातलं एकही माणूस त्या वर्गात नव्हतं. बाहेर थंडी होती. पौष चालू होता. ती सगळी माणसं उसाच्या फडात होती, आणि बैठकीची तारीख मी ठरवली होती. मार्चअखेर कागद पुढे जायला हवेत, म्हणून. ऑफिसचं वर्ष मार्चला संपतं, तसंच मीही मोजायला लागले होते. निघण्याचा महिना, परतण्याचा महिना, हे मोजणं तू गेल्यावर माझ्यातून गळून गेलं असावं. अध्यक्षांना मी एवढंच म्हटलं की पाडव्यानंतर पुन्हा बसू, जागेवरच बसू, सगळे आल्यावर. ते म्हणाले, बसू की, पण नकाशा बदलूनच आणा.

परत येताना गाडीत मला तुझा ऊसतोडीला निघण्याचा दिवस आठवत राहिला. सकाळी तू उंबरा सारवतेस. चुलीतली राख काढतेस, तवा भिंतीला उभा करतेस, परात पालथी घालतेस. घरातलं एकेक भांडं असं पालथं होत जातं आणि मी दारात बसून बघते. "आटप की, पोरीची माय," अशा हाका दादा बाहेरून मारत असतात, ट्रक वेशीत येऊन थांबलेला असतो. तू कुलूप लावतेस, ओढून बघतेस, आणि शेजारी काकूच्या दारात जातेस. काकूचं किराणा दुकान पुढे, घर मागे, आणि तिच्या घराला आपलं घर चिकटलेलं. चावी तू कधी नुसती दिली नाहीस. फडक्यात मूठभर ज्वारी घ्यायचीस, त्यात चावी ठेवून गाठ मारायचीस. घराची चावी रिकामी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असं तू म्हणायचीस. काकू ती ज्वारी वेगळ्या डब्यात ठेवायची आणि तू परत आलीस की तुझ्या पहिल्या पिठात मिसळायला लावायची. काकू कधी जा म्हणाली नाही. म्हणायची, "ये गं." आणि तू ये म्हटल्यासारखीच जायचीस.

मी शाळेत जायला लागले त्या वर्षापासून तू काकूकडे दोन गोष्टी ठेवायला लागलीस. चावी आणि मी.

काकूच्या ओट्यावरून आपलं दार दिसायचं. हात लांब केला असता तर कुलपाला लागला असता. मी ओट्यावर बसून अभ्यास करायचे, म्हणजे कुलपाकडे बघायचे. एकदा काकू दुकानात असताना मी फडक्याची गाठ सोडली, दार उघडलं आणि तुझ्या गोधडीवर जाऊन पडले. गोधडीला धुराचा आणि तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास होता. संध्याकाळी काकूनं मला शोधून काढलं. "लई शानी झालीस का गं? सारं गाव पालथं घातलं मी!" तिनं कानाला धरून मला उठवलं. मग दारात उभी राहून तिनं आत बघितलं, पालथ्या परातीकडे, आणि कान सोडला. त्यानंतर दर सोमवारी, तिची पूजा झाली की, ती आपलं घर उघडायची. झाडायची, सडा टाकायची, तुळशीला पाणी घालायची, आणि तेवढा वेळ मला आत बसू द्यायची. पाडव्याला तू आलीस तेव्हा हे तुला कळलं. मला वाटलं तू मला जवळ घेशील. तू रागावलीस. "मी न्हाई म्हणून घरात जाऊन बसायचं न्हाई. शाळंत जायचं. कळलं का?" मी मान हलवली. तुझ्या बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याचे व्रण होते आणि तू त्या बोटांनी माझी वेणी सोडून पुन्हा घालत होतीस, घट्ट, रागानं.

ज्या वर्षी तू आली नाहीस, त्या वर्षीही मी ओट्यावर होते. ट्रक वेशीत थांबले. दादा एकटे उतरले. तुला ताप आला होता, दोन दिवसांत आटोपलं, तिकडेच जाळलं, असं त्यांनी काकूला सांगितलं. मला सांगायला त्यांना जमलं नाही. काकूनं चावी त्यांच्या हातात दिली. त्या वर्षीची ज्वारी तिनं काय केली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

माघात मी नकाशा घेऊन फडावर गेले. तारीख चुकली होती, निदान माणसांपर्यंत जावं, एवढंच मनात होतं. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि सोलापूरच्या रस्त्याला लागले. कारखान्याच्या मागे कोप्यांची वस्ती होती. बायका फडातून आल्या होत्या, चुली पेटत होत्या. कोप्या अजून तशाच आहेत, माय, बांबू आणि पाचट. फक्त वर निळा प्लास्टिकचा कागद आला आहे. मी नकाशा जमिनीवर पसरला. वाऱ्यानं तो उडायला लागला तेव्हा एका बाईनं त्याच्या कोपऱ्यावर कोयता ठेवला. ती घाटनांदूरला दिलेली, माहेर युसूफ वडगावचं. तिनं घर केवढं आहे ते विचारलं नाही. बोट ठेवून विचारलं, "ह्या बाजूला कोण ऱ्हाणार?"

मी सांगितलं, मी काढलंय तसं झालं तर एखादा दुकानदार, एखादे मास्तर. पण संस्थेला तुमची सगळी घरं मागे, एका रांगेत हवी आहेत.

"म्हंजी आमच्या बाजूला आमीच?" ती म्हणाली. "मंग चावी कुणापाशी ठिवायची? दसऱ्याला तर समदेच निघतो."

"देवापाशी ठिव," चुलीवरून दुसरी म्हणाली.

"देवाकडं ठिवली तर माझ्या म्हातारीला काय देव येऊन पानी देणार हाय? तिला सोडूनच जावं लागतंय मला." तिनं कोयता उचलला, नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "मागं नगं बाई. पुढं बी नगं. कुणाच्या तरी बाजूला द्या."

पाडव्यानंतरची बैठक माळावर, मांडवात झाली. या वेळी सगळे होते. मी नकाशा बदलून आणला नव्हता. अध्यक्षांनी ते बघितलं आणि मान हलवली, मग तेच सगळं पुन्हा सांगितलं: बंद दारं, कुत्री, चोरटे, झाडं. युसूफ वडगावची ती बाई उठली आणि चावीचं बोलली, पण तिचा आवाज मांडवात पोचला नाही. लोक आपापसात बोलायला लागले. तेव्हा पुढच्या खुर्चीतून काकू उठली. आता ती कमरेत वाकली आहे. तिच्या मुलानं मोठ्या घरासाठी नाव घातलं आहे, म्हणून ती तिथे होती.

"मला बी मागं टाका," काकू म्हणाली.

"काकू, तुमचं कावून?" अध्यक्ष म्हणाले.

"माझं पोरगं मला उन्हाळ्याला पुण्याला नेतंय. दिवाळीला नेतंय. जरा खोकले की नेतंय. माझ्या घराला बी कुलूपच असतंय की."

"तुमचं येगळं हाय, काकू."

"काय येगळं हाय? माझं कुलूप पितळी हाय म्हणून?"

मांडव हसला. तिचा मुलगा ओशाळून म्हणाला, "आई, बस की खाली." मागून एक जण ओरडला, "तूच बस की बे! बोलू दे काकूला."

काकू माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं तिनं मला ओळखून न ओळखल्यासारखं करावं. मी तिथे मॅडम होते. "हिच्या मायनं चावी माझ्यापाशी ठिवली," ती म्हणाली, "आन् ही पोरगी ठिवली. माझं घर रस्त्याकडं असतं आन् तिचं नाल्याकडं, तर हिला कुठं ठिवली असती तिनं?" मग ती बसली. बसायला तिला वेळ लागला.

सगळं मिळालं नाही. रस्त्यालगतची गल्ली त्यांनी मोठ्या घरांसाठीच ठेवली. दोन माणसं त्यावर अडून बसली आणि अध्यक्षांना त्यांना दुखवायचं नव्हतं. पण बाकीच्या गल्ल्या मी काढल्या तशाच राहिल्या, एक मोठं, एक लहान. मागची रांग गेली. नाल्याकडचं गेट गेलं. काकूच्या भिंतीला भिंत कुणाची, ते चिठ्ठीनं ठरेल. तिनं त्या बाईला आधीच सांगून ठेवलं आहे की ज्वारी चांगली बघून आण, किडकी चालणार नाही.

उठता उठता अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवलं. "मॅडम, एक सांगा. समदे ओटे पश्चिमेला कावून काढले? दुपारनंतर ऊन भाजंल तिथं."

मी म्हटलं, रस्ता त्या बाजूला आहे. रस्त्यावर नजर राहते.

"ते बी खरंच," ते म्हणाले. "चोरट्यांवर बी नजर ऱ्हाईल."

हा कागद मी नकाशाच्या नळीतच ठेवणार आहे, जुन्या प्रतीबरोबर. काकूला वाचून दाखवावा असं मनात आलं होतं, पण ती म्हणेल, मेलेल्या माणसाला कशाला घोर लावतीस.

अध्यक्षांचं बरोबर आहे, माय. ओटा पूर्वेला हवा होता. उन्हाचं गणित मला येतं. दुसऱ्या कुणी तो असा काढला असता तर मी खोडला असता. कडुनिंब लावले आहेत, त्यांची सावली पडायला वर्षं जातील. पण पश्चिमेच्या ओट्यावरून रस्त्याचं ते वळण दिसतं, जिथून ट्रक येतात. लोक गेल्यावर मी चुन्याच्या रेघेवर, जिथे काकूच्या गल्लीतला पहिला ओटा येणार आहे, तिथे बसून बघितलं. ऊन तोंडावर होतं. हंगाम संपला होता, यायचे ते सगळे येऊन पोचले होते, हे मला माहीत होतं. तरी मी बराच वेळ बसले.